लघुमूर्तींवरच्या रंगाचे पोपडे का निघतात : रंगापूर्वीच्या तयारीतील दोषांचा शोध

मिनिएचर, म्हणजे बोटभर उंचीच्या लघुमूर्ती, रंगवणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. पहिली अशी, की रंगवून झालेली मूर्ती आठवडाभर उत्तम दिसते आणि मग तलवारीच्या टोकावरून, झग्याच्या काठावरून किंवा वारंवार बोट लागते त्या जागेवरून रंगाचे पोपडे निघू लागतात. दुसरी अशी, की पातळ रंगाचा पहिला हात फिरताच शिरस्त्राणाच्या मधोमध एक बारीक उभी रेघ उमटते, जी कोऱ्या मूर्तीवर कोणाच्याही नजरेला पडलेली नव्हती. दोन्ही वेळा बोल रंगाला लागतो, अधिक महाग रंग आणला जातो आणि पुढच्या मूर्तीवर तोच प्रकार पुन्हा घडतो. हे दोष रंगाच्या खाली असतात आणि ते नेमके कोणत्या थरात आहेत हे निघालेला पोपडाच सांगतो. म्हणून नवी बाटली विकत घेण्याआधी तो पोपडा चिमट्याने उचलून भिंगाखाली उलटा करून पाहावा.

पोपड्याच्या पाठीवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी दिलेल्या पायाच्या लेपाचा, थर असेल आणि मूर्तीवर खालचे प्लास्टिक किंवा रेझिन स्वच्छ, उघडे दिसत असेल, तर प्रायमरने मूर्तीला मुळात धरलेच नव्हते, असा निष्कर्ष निघतो. त्याची कारणे म्हणजे पृष्ठभागावरचा तेलकटपणा, साच्यातून आलेले द्रव्य, अर्धवट कडक झालेले रेझिन, राहून गेलेला ओलावा, किंवा ज्यावर काहीच सहजी टिकत नाही असे मऊ प्लास्टिक. प्रायमर जागेवर असून केवळ वरचा रंग निघाला असेल, तर प्रायमरवर उघड्या बोटांचा तेलकट स्पर्श झाला आहे, प्रायमर फार चकचकीत आहे, तो सुकण्याआधीच रंग दिला आहे, किंवा अॅक्रिलिक रंगात इतके पाणी मिसळले आहे की त्याला धरून ठेवणारा घटकच विरळ झाला आहे. तिसरी शक्यता अशी, की पोपड्याच्या पाठीला मूर्तीचीच पांढरी किंवा करडी भुकटी चिकटून आलेली असते. हे प्लास्टर, माती आणि जुने शिसे यांच्याबाबतीत घडते आणि त्यावरचा उपाय अगदी वेगळा आहे.

पुढच्या मूर्तीसाठी ही तपासणी आधीच करता येते. प्रायमर दिल्यानंतर किमान २४ तासांनी झग्याच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या खाली साधी सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढावी. टेपला प्रायमर आला, तर रंगकाम तिथेच थांबवावे. वरून दिलेला कोणताही थर त्याला वाचवणार नाही.

मूर्ती कशाची आहे?

सफाईची पद्धत सर्वस्वी यावर ठरते, आणि पाकिटावर ‘प्लास्टिक’ एवढेच छापलेले असले तरी त्यातून काहीच कळत नाही. जोडणीच्या संचातील कडक प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असते. १/७२ प्रमाणातील, सुमारे अडीच सेंटीमीटर उंचीचे, एका तुकड्यात ओतलेले मऊ सैनिक पुष्कळदा पॉलिएथिलीनचे असतात. एअरफिक्सने १९५९ मध्ये बाजारात आणलेले छोटे सैनिक याच जातीचे होते. काही मऊ मूर्ती पीव्हीसीच्या असतात. यांतली कोणती आपल्या हातात आहे हे ठरवण्यासाठी ज्या चौकटीतून, म्हणजे स्प्रूतून, मूर्ती कापून काढली तिचा छोटा तुकडा पाण्याच्या वाटीत टाकावा आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालावा, म्हणजे तुकडा पृष्ठताणामुळे उगाच तरंगणार नाही. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे काडीने काढून टाकल्यावर पॉलिएथिलीन तरंगते, पॉलिस्टायरीन रमतगमत तळाशी जाते आणि पीव्हीसी चटकन बुडते. एवढ्या साध्या चाचणीने पुढचा बराच मनस्ताप वाचतो, तरीही ती करणारे फारसे आढळत नाहीत.

पॉलिएथिलीनवर रंग न टिकणे हा त्या पदार्थाचा स्वभाव आहे, कारण त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो आणि शिवाय मूर्ती वाकते तेव्हा वरचा कडक थर तडकतो. साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, लवचीक राहणाऱ्या पाण्यातल्या प्रायमरचा किंवा पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात देणे आणि रंगकाम संपल्यावर वरूनही तसाच लवचीक थर देणे, याने टिकाऊपणा पुष्कळ वाढतो. मात्र भाला आणि बंदुकीची नळी यांच्या टोकांबाबत फार आशा बाळगू नये. पीव्हीसीची अडचण निराळी आहे. त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये आणि काही स्प्रे प्रायमरमधील द्रावक यांचे जमत नाही आणि प्रायमर आठवडे उलटले तरी चिकट राहतो. अशा मूर्तीला पाण्यातला प्रायमर ब्रशनेच द्यावा.

साच्यातून आलेले द्रव्य आणि रेझिन

ओतीव पॉलियुरेथेन रेझिनची मूर्ती सिलिकॉन रबराच्या साच्यातून निघते आणि ती सहज सुटावी म्हणून साच्याला सुटणीचे द्रव्य फवारलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, मात्र हाताला किंचित निसरडे लागते. कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ जुना टूथब्रश एवढ्यावर काम भागते. उकळते पाणी घेऊ नये, कारण ६०-७० अंशांच्या आसपास हे रेझिन नरम पडते आणि पातळ भाग वाकतात. धुतल्यानंतर मूर्ती साध्या पाण्याखाली धरून पाहावी. पाणी सलग पापुद्र्यासारखे पसरले, तर सफाई झाली. त्याचे मणी होऊन ते ओघळले, तर द्रव्य अजून शिल्लक आहे, आणि बहुधा ते बगलेत, केसांच्या खोबणीत किंवा पट्ट्याच्या मागे असते. जोडणीपूर्वी सुटे भाग धुवावेत, हेही ओघानेच आले. जोडलेल्या मूर्तीच्या खाचांत ब्रश पोचत नाही आणि गोंदाच्या सांध्यात मुरलेले पाणी पुढे प्रायमरखालून डोके वर काढते.

रेझिनचे पातळ भाग नरम होतात याचा फायदाही आहे. भाला किंवा झेंड्याची काठी वाकडी आली असेल, तर ती गरम पाण्यात काही सेकंद धरून हाताने सरळ करावी आणि त्याच स्थितीत गार पाण्यात बुडवावी. हे प्रायमरच्या आधी करावे, कारण नंतर वाकवलेल्या भागावर हमखास भेगा पडतात.

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या मूर्तींची तक्रार सध्या सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिचे मूळ जवळजवळ नेहमी क्रमात असते. छापून निघालेल्या मूर्तीवर कच्च्या रेझिनचा थर असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढायचा, मूर्ती पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि मगच ती अतिनील प्रकाशात, बहुतेक यंत्रांत ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्याखाली, पक्की करायची, असा तो क्रम आहे. कोरडी होण्याआधीच दिव्याखाली ठेवली, तर खाचांत साचलेले विरळ रेझिन तिथेच चकचकीत डाग होऊन गोठते आणि बारकावेही बुजतात. बोट लावल्यावर चिकट लागणाऱ्या मूर्तीला प्रायमर देऊच नये. ती ताज्या अल्कोहोलने पुन्हा धुऊन, वाळवून, पुन्हा प्रकाशात ठेवावी. धुण्याचे अल्कोहोल फार वेळा वापरलेले असले, तर त्यातच एवढे रेझिन विरघळलेले असते की धुणे म्हणजे तोच थर पुन्हा फासणे ठरते.

यातली एक बाब विशेष त्रासदायक आहे. आतून पोकळ छापलेल्या मूर्तीत निचऱ्याचे भोक नसले, तर कच्चे रेझिन आतच अडकते आणि कित्येक आठवड्यांनी मूर्तीला तडा देऊन बाहेर पाझरते, आणि ते नेमके सुबक रंगवलेल्या चेहऱ्यावरून ओघळते. हा दोष नंतर दुरुस्त करण्यासारखा नाही. भोके छापण्याआधीच ठेवावीत आणि सुईच्या पिचकारीने आत अल्कोहोल सोडून पोकळी धुवावी. कच्च्या रेझिनने त्वचेला कायमची अॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि ते धुतलेले अल्कोहोल मोरीत ओतू नये. उघड्या बरणीत उन्हात ठेवले की रेझिन तळाशी घट्ट होते आणि मग ते गाळून वेगळे करता येते. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तेव्हा ती बरणी देवघराच्या किंवा शेगडीच्या आसपास नको.

रंगाबरोबर उमटणारी रेघ

साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मूर्तीवर एक उंचवटा राहतो, ज्याला सगळेच मोल्ड लाइन म्हणतात. कोऱ्या करड्या प्लास्टिकवर ती दिसत नाही, कारण सावली पडण्याइतकी ती उंच नसते. पण पातळ रंग तिच्या कडेला साचतो आणि कोरडा ब्रश तिच्या माथ्याला आधी लागतो, त्यामुळे पुढे ती ठळक होते. तिचा माग काढणे अवघड नाही. एका जागी सापडली की ती साच्याच्या रेषेनेच पुढे जाते : शिरस्त्राणावरून कानामागे, मानेवरून खांद्यावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूने मनगटापर्यंत, मग कमरेपासून पायाच्या कडेने टाचेपर्यंत. टेबलावरचा दिवा वरून न ठेवता मूर्तीच्या पातळीत बाजूला ठेवावा आणि मूर्ती बोटांत हळूहळू फिरवावी. तिरक्या उजेडात रेघ लपत नाही.

काढण्यासाठी टोकदार कटरच्या पात्याची धार न वापरता पाठ वापरावी. पाते जवळजवळ काटकोनात धरून, अगदी हलक्या दाबाने, रेघेच्या दिशेने आपल्याकडे ओढावे. बारीक केसांसारखा भुसा निघाला, म्हणजे हात योग्य पडतो आहे. दाब वाढला की पाते थरथरते आणि पृष्ठभागावर आडव्या लाटा उठतात, ज्या मूळ रेघेपेक्षा वाईट दिसतात. अशा वेळी दिशा थोडी तिरपी करून त्या लाटा कापत जावे. नंतर ६०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून फिरवावा. पॉलिस्टायरीन असेल, तर पातळ प्लास्टिक सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक किंचित वितळवून जोडणाऱ्या गोंदाचा, ब्रश त्या जागेवरून एकदाच फिरवल्याने उरलेले ओरखडे वितळून मिटतात. मऊ प्लास्टिकवर मात्र घासू नये, तिथे लव उठते. नव्या कोऱ्या पात्याने रेघ सरळ कापूनच काढावी.

साखळीच्या चिलखतावरून किंवा लोकरीवरून गेलेली रेघ खरवडली, तर नक्षीही जाते. तिथे रेघ फक्त निम्म्याने उतरवून, सुईच्या टोकाने कड्या किंवा केस पुन्हा खोदून काढावेत. हे कंटाळवाणे काम आहे आणि सैन्यातल्या मागच्या रांगेतील शिपायांसाठी ते करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सरदाराच्या मूर्तीसाठी मात्र आहे. काही वेळा रेघेऐवजी पायरी असते, कारण साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसलेले नसतात. पायरी कितीही खरवडली तरी जात नाही, त्यामुळे खालच्या बाजूला लांबी (पुट्टी) भरूनच ती सपाट करावी.

स्प्रूमधून भाग कापताना पहिला काप भागापासून थोडा दूर द्यावा आणि उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढावा. एकदमच लगटून कापले, तर प्लास्टिक ओढले जाऊन खड्डा पडतो.

पांढऱ्या धातूच्या मूर्ती कथिलाच्या मिश्रधातूच्या असतात आणि फिरत्या रबरी साच्यात ओतल्या जातात. साच्याला शंखजिऱ्याची पूड लावलेली असल्याने त्यांनाही साबणाने धुणे आवश्यक आहे. कानशीचे दात या मऊ धातूने लगेच भरतात, म्हणून कानशीला आधी खडू चोळावा. जुन्या, शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या मूर्तींवर पांढरी भुकटी धरलेली दिसली, तर ते शिशाचे कार्बोनेट समजावे. लाकडी किंवा प्लायवूडच्या बंद कपाटातील आम्ल वाफा आणि दमटपणा यांनी ते वाढते आणि त्यावर दिलेला रंग भुकटीसकट गळून पडतो. ही भुकटी विषारी आहे. ती कोरडी घासू नये. ओल्या कापडाने पुसावी, हात धुवावेत आणि मुलांना त्या मूर्ती खेळायला देऊ नयेत.

सांधे

खांद्याच्या सांध्यातली फट लांबीने भरताना वस्तू मूर्तीच्या मापाची हवी. दोन भाग मळून करायची एपॉक्सी लांबी उत्तम. नळाच्या कामासाठी घराघरांत असणारे एम-सील बैठकीला आणि खडकाला छान चालते, पण चेहऱ्याजवळ त्याचा पोत जाड पडतो. ओल्या बोटाने किंवा ओल्या ब्रशने कड गुळगुळीत करावी आणि रात्रभर राहू द्यावे. फेविक्विकसारख्या गोंदाने जोडलेल्या सांध्याभोवती पांढुरके धुके दिसत असेल, तर ती गोंदाची वाफ दमट, कोंडलेल्या हवेत पृष्ठभागावर बसलेली असते. गोंद कमी वापरावा, मूर्ती डब्यात बंद करून ठेवू नये आणि ते धुके प्रायमरपूर्वी पुसून काढावे.

प्रायमर आणि आपली हवा

स्प्रे डब्यावरच्या सूचना बहुधा थंड, कोरड्या देशांसाठी लिहिलेल्या असतात, आणि त्या जशाच्या तशा पाळूनही इथे फसगत होते. दोन वेगळे दोष इथे एकच समजले जातात. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते; फवारलेल्या प्रायमरमधील द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि प्रायमर दुधट, धुरकट दिसतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर असताना याच्या उलट घडते : थेंब मूर्तीपर्यंत पोचण्याआधीच हवेत अर्धे सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. बोट फिरवून खरखर लागली, तर दोष कोरडेपणाचा किंवा अंतराचा. गुळगुळीत असूनही पांढुरके दिसत असेल, तर दोष बाष्पाचा.

पहिल्या दोषावर पावसाळ्यात फवारणी टाळून ब्रशने पाण्यातला प्रायमर देणे हाच खरा उपाय आहे. एसी सुरू असलेली खोली कोरडी असते, पण तिथे फवारणे श्वासाला घातक आहे. एसीच्या खोलीत मूर्ती वाळवावी, फवारणी गच्चीवर उघडीप असलेल्या दुपारी करावी. दुसऱ्या दोषावर भल्या सकाळी काम उरकावे, डबा किमान दोन मिनिटे हलवावा, अंतर २० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावे आणि हात थांबू न देता लहान झटक्यांत फवारावे. झालेली खरखर फार जाड नसली, तर ताठ ब्रशने आणि ८०० नंबरच्या कागदाने बरीच उतरते. धुरकटपणा कोरड्या दिवशी दिलेल्या अगदी हलक्या दुसऱ्या थराने बहुधा निघून जातो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या मोटारींच्या प्रायमरमध्ये थिनर असतो आणि तो जाड बसला, तर पॉलिस्टायरीनचे बारकावे वितळवतो. स्प्रूच्या तुकड्यावर आधी फवारून पाहावे.

किल्ल्यावरचे मावळे

दिवाळीच्या किल्ल्यासाठी पुण्याच्या किंवा धारावीच्या कुंभारवाड्यातून कोरी चित्रे, म्हणजे मातीच्या किंवा प्लास्टरच्या छोट्या मूर्ती, आणून घरी रंगवणाऱ्यांना वरचे बरेचसे नियम उलटे लागू होतात. शाडूची कच्ची मूर्ती पाण्याने धुतली, तर ती विरघळते; तिला कोरड्या मऊ ब्रशने झाडणे एवढीच सफाई. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीत ओतल्यानंतर पुष्कळ पाणी मागे राहते, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवा अजून दमट असताना ते सावकाश जाते. मूर्ती गालाला लावून गार लागली, तर ती ओली आहे. किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन दिवस वजन करावे, घट थांबली की ती वाळली. ओल्या प्लास्टरवर ऑइल पेंट दिला, तर आतले पाणी बाहेर पडताना त्याला फोड येतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत मावळ्याचे पागोटे सोलून निघते.

वाळलेल्या प्लास्टरवर बोट फिरवून पांढरी पूड येत असेल, तर ती झाडून, एक भाग फेविकॉल आणि चार-पाच भाग पाणी यांचा पातळ हात द्यावा. तो छिद्रांत मुरतो, पूड बांधली जाते आणि वरचा रंग शोषला जात नाही. गेल्या वर्षीची चित्रे पुन्हा रंगवताना सुटलेला थर आधी खरवडावा, कारण सुट्या थरावर दिलेला नवा रंग त्या थरासह निघतो. बैठकीच्या तळाशी रंग देण्याची आठवण फारच थोड्यांना राहते, आणि किल्ल्याच्या ओल्या मातीतला ओलावा प्लास्टर तिथूनच वर ओढून घेते.

रंगवून झालेली मूर्ती

पोपडा नखाएवढाच असेल, तर सगळा रंग काढण्याचे कारण नाही. टेपने त्याच्या कडा आणखी सुटतात का ते पाहावे, जिथे थांबतात तिथे ८०० नंबरच्या कागदाने कड उतरती करावी, तेवढाच भाग साबणाच्या पाण्याने पुसून वाळवावा आणि ब्रशने प्रायमर द्यावा. टेपबरोबर रंग सरसकट येत राहिला, तर मात्र मूर्ती पुन्हा कोरी करणेच श्रेयस्कर. कडक प्लास्टिक आणि धातूवरचा अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास भिजवून, टूथब्रशने निघतो. अॅसिटोन, म्हणजे नखांचे पॉलिश काढण्याचे बरेचसे द्रव, धातूवर चालते, पण पॉलिस्टायरीनची मूर्ती त्यात विरघळून जाते. ब्रिटनमधील अनेक छांदिष्ट यासाठी पातळ न केलेले डेटॉल वापरतात आणि ते इथेही सहज मिळते, मात्र त्यात भिजलेल्या रंगाला पाणी लागले की त्याचा चिकट राळेसारखा गोळा होतो. म्हणून रंग घासून काढणे आणि पहिले खंगाळणे हे दोन्ही डेटॉलमध्येच करावे, आणि मूर्ती पूर्ण मोकळी झाल्यावरच ती साबणाच्या पाण्याखाली न्यावी.